रेणूतल्या सगळ्याच अणूंना सारखा बेसिस सेट कशाला?

मागच्या महिन्यात नांदेडहून एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. आवाज अगदी रडवेला. सिसप्लॅटिन या प्लॅटिनम असलेल्या औषधाच्या रेणूचं गणित ती संगणकावर करत होती. असं एक गणित म्हणजे आमच्या भाषेत एक जॉब. "सर, सिसप्लॅटिनचा जॉब टाकला की लगेच बंद पडतोय. प्लॅटिनमला ६-३१जी* नाहीच म्हणतंय. मग सगळ्या रेणूलाच दुसरा बेसिस सेट लावू का?"

"सगळ्याला कशाला? एकट्या प्लॅटिनमला लाव."

"एकाच रेणूत दोन बेसिस सेट चालतात, सर?"

चालतात. पण कुठे चालतात, कुठे घात करतात आणि फाईलमध्ये ते नेमके कसे सांगायचे, हे बोलता बोलता तासभर गेला. हीच अडचण दरवर्षी कुणाला ना कुणाला येते, म्हणून तेच इथे जरा सविस्तर मांडतो.

आधी बेसिस सेट म्हणजे काय ते पाहू. ६-३१जी* हे त्यातल्याच एकाचं नाव. रेणूत इलेक्ट्रॉन कुठे किती पसरलेला आहे, हे ऑर्बिटल सांगतं. त्या ऑर्बिटलचा आकार आपल्याला आधी माहीत नसतो, तोच तर शोधायचा असतो. मग आपण संगणकाला प्रत्येक अणूभोवती काही तयार आकार देतो. काही केंद्रकाला घट्ट चिकटलेले, काही सैल, काही गोल, काही डंबेलसारखे. कोणता आकार किती प्रमाणात मिसळला म्हणजे ऊर्जा सर्वात कमी येते, एवढंच संगणक काढतो. या तयार आकारांना फंक्शन म्हणतात आणि एका अणूला दिलेल्या फंक्शनांचा गट म्हणजे त्या अणूचा बेसिस सेट. ही व्याख्या मुळातच अणूगणिक आहे, हे इथेच लक्षात घ्या. आपण फाईलच्या वरच्या ओळीत एकच नाव लिहितो तेव्हाही सॉफ्टवेअर आतमध्ये कार्बनचा वेगळा, हायड्रोजनचा वेगळा, क्लोरीनचा वेगळा असेच गट उचलत असतं. वेगवेगळे बेसिस सेट लावणं म्हणजे ही निवड सॉफ्टवेअरवर न सोडता आपल्या हातात घेणं.

हे आकार गॉसियन, म्हणजे घंटेसारख्या वक्राचे असतात. खरं तर अणूतला इलेक्ट्रॉन तसा वागत नाही. केंद्रकाजवळ त्याला टोक असतं, गॉसियनचा माथा सपाट असतो. आणि दूरवर गॉसियन फारच लवकर शून्याला जातं. तरीही १९५० मध्ये बॉइस यांनी गॉसियन सुचवलं ते एका मोठ्या सोयीसाठी. दोन वेगळ्या अणूंवरच्या दोन गॉसियनांचा गुणाकार केला की मधे कुठेतरी तिसरं गॉसियनच मिळतं, आणि अवघड इंटिग्रल सोपी होतात. आकारातली उणीव भरून काढायला तीन-चार किंवा सहा गॉसियन एकत्र बांधायची. १९६९ चा एसटीओ-३जी तसाच, तीन-तीनची मोळी. १९७२ चा ६-३१जी जास्त हुशार आहे. आतल्या इलेक्ट्रॉनांसाठी सहा गॉसियनांची एक मोळी, आणि बाहेरच्या, बंध जोडणाऱ्या इलेक्ट्रॉनांसाठी दोन तुकडे, एक तीनचा आणि एक सुटा. बाहेरच्या इलेक्ट्रॉनाला आकसायला किंवा पसरायला मोकळीक हवी म्हणून हे दोन तुकडे. नावापुढे तारा (*) लावला की कार्बन-नायट्रोजनसारख्या अणूंना डी फंक्शनं मिळतात, म्हणजे इलेक्ट्रॉनाला बंधाच्या दिशेने झुकता येतं. अधिक चिन्ह लावलं की फार सैल, दूरवर पसरलेली फंक्शनं येतात. ऋण आयनांसाठी ती लागतात, त्याकडे पुढे वळू.

हे दोन्ही बेसिस सेट जॉन पोपल यांच्या गटातून आले. गॉसियन नावाच्या सॉफ्टवेअरची १९७० ची पहिली आवृत्तीही त्यांच्याच गटाची. १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना वॉल्टर कोन यांच्यासोबत मिळालं.

मग सगळ्यांनाच सर्वात मोठा बेसिस का देऊ नये? एका कार्बनला एसटीओ-३जी मध्ये ५ फंक्शनं, ६-३१जी मध्ये ९, ६-३१जी* मध्ये १५, त्याहून मोठ्या सीसी-पीव्हीटीझेडमध्ये ३० आणि सीसी-पीव्हीक्यूझेडमध्ये ५५. हायड्रोजनचं एसटीओ-३जी मधलं एक फंक्शन सीसी-पीव्हीक्यूझेडमध्ये ३० वर जातं. इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या ढकलाढकलीची इंटिग्रल फंक्शनांच्या चौथ्या घाताने वाढतात. १०० फंक्शनांना साधारण सव्वा कोटी, २०० ना वीस कोटी. फंक्शनं दुप्पट, काम सोळापट. आजची सॉफ्टवेअर त्यातली नगण्य इंटिग्रल गाळतात, त्यामुळे प्रत्यक्षात वाढ इतकी तीव्र नसते. पण सीसीएसडी(टी)सारख्या जास्त अचूक पद्धतीत रेणूच्या आकाराचा सातवा घात असतो, तिथे रेणू दुप्पट झाला तर १२८ पट काम. आमच्याकडे बहुतेक मुलं आठ जीबी रॅमच्या साध्या संगणकावर काम करतात. उन्हाळ्यात लाईट गेली की दोन दिवस चाललेला जॉबही जातो. त्यामुळे संगणकाचा वेळ कुठे खर्चायचा हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी नाही.

आमची जालना जिल्ह्यात मोसंबीची बाग आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात बोअर आटलं तेव्हा वडिलांनी विकतच्या टँकरचं पाणी मोजून सोडलं होतं. ज्या झाडांवर आंबे बहाराची फळं होती त्यांना दोन ड्रिपर, नुसत्या पालवीच्या झाडांना एक, आणि कापसाच्या रानात काहीच नाही. जिथे फळ आहे तिथे पाणी. रेणूत फळ कुठे आहे हे आपल्याला काय विचारायचंय त्यावर ठरतं. प्लॅटिनम आणि नायट्रोजनचा बंध किती लांब हे विचारायचं असेल तर फळ तिथे आहे, आणि दहा कार्बन पलीकडच्या मिथाइल गटाला तेवढं पाणी लागत नाही.

आता सिसप्लॅटिन. एक प्लॅटिनम, दोन क्लोरीन, दोन अमोनिया, मिळून ११ अणू. कॅन्सरवरचं जुनं औषध, अमेरिकेत १९७८ मध्ये मान्यता मिळालेलं. गॉसियन सॉफ्टवेअरमध्ये ६-३१जी कुटुंब क्रिप्टॉनपर्यंत, म्हणजे पहिल्या ३६ मूलद्रव्यांसाठी आहे. प्लॅटिनम ७८ वं. म्हणून तिचा जॉब पहिल्याच पायरीवर थांबला. त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

पण प्लॅटिनमचा प्रश्न नुसता बेसिस नसण्याचा नाही. त्याच्या ७८ इलेक्ट्रॉनांपैकी बहुतेक आतमध्ये गुपचूप बसलेले असतात, बंधात भाग घेत नाहीत. शिवाय सर्वात आतल्या इलेक्ट्रॉनाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ५७ टक्क्यांच्या आसपास जातो. अणुक्रमांकाला १३७ ने भागलं की हा आकडा मिळतो. एवढ्या वेगाला सापेक्षता सिद्धांत लागू होतो आणि साधं समीकरण पुरत नाही. यावर तोडगा असा: आतले ६० इलेक्ट्रॉन काढून टाकायचे आणि त्यांच्या जागी त्यांचा एकूण परिणाम, सापेक्षतेसकट, एका तयार विभवाच्या रूपात ठेवायचा. याला इफेक्टिव्ह कोअर पोटेन्शियल, थोडक्यात ईसीपी म्हणतात. उरलेल्या १८ इलेक्ट्रॉनांसाठी त्याला जुळणारा छोटा बेसिस सेट. लॅनएल२डीझेड ही अशीच जोडी आहे. १९८५ मध्ये हे (Hay) आणि वाड्ट (Wadt) या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत या ईसीपी मांडल्या.

जोडी हा शब्द मी मुद्दाम वापरला. बेसिस वेगळा आणि ईसीपी वेगळं, दोन्ही सांगावं लागतं, आणि सर्वात जास्त चुका इथेच होतात. गॉसियनमध्ये बेसिस सेटच्या नावाच्या जागी 'जेन' लिहिलं की सॉफ्टवेअर म्हणतं, ठीक, बेसिस खाली वाचतो. अणूंची स्थानं संपली की एक रिकामी ओळ. मग नायट्रोजन, हायड्रोजन, क्लोरीन यांची चिन्हं आणि शेवटी शून्य. त्याखाली ६-३१जी*. त्याखाली चार चांदण्या (****), म्हणजे हा गट संपला. मग प्लॅटिनम आणि शून्य, खाली लॅनएल२डीझेड, पुन्हा चार चांदण्या, पुन्हा रिकामी ओळ. इथवर फक्त बेसिस झाला. ईसीपीसाठी वर 'जेन' ऐवजी 'जेनईसीपी' लिहायचं आणि सगळ्यात खाली पुन्हा एकदा प्लॅटिनम, शून्य, लॅनएल२डीझेड आणि रिकामी ओळ. शेवटची रिकामी ओळ विसरली तर जॉब मरतो. रेणूत नसलेल्या मूलद्रव्याचं चिन्ह यादीत राहिलं तरी मरतो. चिन्हाच्या आधी उणे लावलं तर मात्र सॉफ्टवेअर ते सोडून देतं. एकच फाईल अनेक रेणूंना वापरायची असेल तर ही सोय फार कामाची.

जॉब मरणं बरं, कारण चूक कळते. ईसीपी विसरून नुसता बेसिस दिला तर जॉब कधी कधी चालतो. मग १८ इलेक्ट्रॉनांसाठी बांधलेल्या बेसिसमध्ये ७८ इलेक्ट्रॉन कोंबले जातात आणि येणारं उत्तर पूर्ण निरर्थक असतं. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून हे घडलं. तीन आठवडे मी त्या आकड्यांवरून आलेख काढत होतो. तेव्हापासून प्रत्येक आउटपुटमध्ये आधी इलेक्ट्रॉन मोजतो. सिसप्लॅटिनमध्ये एकूण १३२ इलेक्ट्रॉन. ६० ईसीपीत गेले तर ७२ उरतात. म्हणजे आउटपुटमध्ये ३६ अल्फा आणि ३६ बीटा (इलेक्ट्रॉनांच्या स्पिनचे दोन प्रकार) दिसायलाच हवेत. ६६ आणि ६६ दिसले तर तिथेच थांबा.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रीत वेगळी, विचार तोच. ऑर्कामध्ये डेफ२ कुटुंबातला बेसिस मागितला की जड मूलद्रव्यांचं ईसीपी आपोआप लागतं, आणि एखाद्याच अणूला वेगळा बेसिस हवा असेल तर तो त्या अणूच्या स्थानाच्या ओळीतच लिहिता येतो. पायएससीएफमध्ये मूलद्रव्यागणिक बेसिसची यादी देता येते, पण ईसीपीची यादी वेगळी द्यावी लागते. तिथे विसरण्याचा धोका पुन्हा आहेच.

आणखी एक बारीक जागा आहे, जी मला फार उशिरा कळली. डी फंक्शनं पाच असतात, पण गॉसियन आकार गणितात लिहिण्याच्या पद्धतीत ती सहाही घेता येतात. सहावं खरं तर एस, म्हणजे गोल फंक्शनासारखंच असतं. ६-३१जी* सहा डी घेऊन बांधलेला आहे आणि थेट नाव लिहिलं तर गॉसियन सहाच घेतं. 'जेन' वापरलं की मात्र, तुम्ही सांगितलं नाही तर, पाच घेतं. म्हणजे एकाच अमोनियाची ऊर्जा थेट नावाने एक येते आणि 'जेन'ने दुसरी. सिसप्लॅटिन 'जेन'ने आणि सुटा अमोनिया थेट नावाने काढून वजाबाकी केली तर तो फरक तुमच्या बंधऊर्जेत शिरतो. दोन्हीकडे पाच किंवा दोन्हीकडे सहा, हे वरच्या ओळीत स्पष्ट लिहा.

हाच नियम मोठ्या प्रमाणात असा: ज्या ऊर्जांची वजाबाकी करायची, त्यांत प्रत्येक अणूचा बेसिस तोच हवा. लॅनएल२डीझेडमध्ये एका प्लॅटिनम अणूची ऊर्जा उणे ११९ हार्ट्रीच्या (हे ऊर्जेचं एकक) आसपास येते, सगळे इलेक्ट्रॉन घेतले तर उणे सतरा हजारांच्याही खाली. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकमेकांत मिसळण्याजोगे नाहीत.

आता एकाच मूलद्रव्याच्या दोन अणूंना वेगवेगळा बेसिस. मराठवाड्यात काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्यामुळे आमच्याकडच्या विद्यार्थ्यांना फ्लोराइड पकडणाऱ्या रेणूंचं आकर्षण असतं, आणि मला त्याचा आनंद वाटतो. असा एक साधा रेणू डायफिनाइल यूरिया. मधे यूरिया, दोन्ही बाजूंना एकेक बेंझीनचं कडं. यूरियाचे दोन नायट्रोजन-हायड्रोजन चिमट्यासारखे फ्लोराइडला धरतात.

फ्लोराइड ऋण आयन आहे. जादा इलेक्ट्रॉन सैल धरलेला असतो, दूरवर पसरतो. बेसिसमध्ये तितकं दूर जाणारं फंक्शनच नसेल तर त्या इलेक्ट्रॉनाला बळंच आत कोंबलं जातं आणि सुट्या फ्लोराइडची ऊर्जा खोटी वर येते. मग तो पकडला गेला की खूप स्थिर झाल्यासारखा दिसतो, आणि आपला रेणू आहे त्यापेक्षा कितीतरी चांगला ठरतो. म्हणून फ्लोराइडला सैल फंक्शनं हवीतच. त्याला धरणाऱ्या यूरियाच्या भागालाही हवीत. कड्यांवरच्या दहा हायड्रोजनांना कशाला?

हिशेब करू. सगळ्या २९ अणूंना ऑग-सीसी-पीव्हीटीझेड, म्हणजे सैल फंक्शनं जोडलेला सीसी-पीव्हीटीझेड, दिला तर कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन यांना प्रत्येकी ४६ आणि हायड्रोजनला २३, एकूण १०५८ फंक्शनं. त्याऐवजी हा मोठा बेसिस फक्त फ्लोराइड आणि यूरियाच्या सहा अणूंना दिला, आणि दोन्ही कड्यांना त्याच कुटुंबातला लहान सीसी-पीव्हीडीझेड, म्हणजे कार्बनला १४ आणि हायड्रोजनला ५, तर एकूण ४९४. निम्म्याहून कमी. चौथ्या घाताच्या हिशेबाने काम एकविसाव्या भागावर आलं. यासाठी गॉसियनमध्ये मूलद्रव्याच्या चिन्हाऐवजी फाईलमधला अणूचा नंबर लिहायचा. त्यामुळे नायट्रोजनवरचे दोन हायड्रोजन एका गटात, कड्यांवरचे दहा दुसऱ्या गटात. नंबर लिहिण्याआधी रेणू चित्रात उघडून प्रत्येक नंबर डोळ्यांनी पाहा. रेणू पुन्हा काढला की नंबर बदलतात.

ही रीत नवी नाही. १९८९ मध्ये चेस्नट आणि मूर यांनी एनएमआरच्या (चुंबकीय क्षेत्रात अणूंच्या केंद्रकांचा सिग्नल मोजण्याची पद्धत) गणितासाठी ज्या अणूचा सिग्नल हवा त्याला मोठा आणि बाकीच्यांना लहान बेसिस देऊन पाहिला. त्याला 'स्थानिक दाट बेसिस' म्हणतात. एनएमआरला ते छान जमतं, कारण तो गुणधर्म खरोखरच एका अणूपाशी बसलेला असतो. ऊर्जेला जपून.

जपून का, तर मुळं. बागेत एका झाडाचं आळं भिजलेलं आणि शेजारचं कोरडं असलं की कोरड्या झाडाची मुळं शेजारच्या ओलीकडे सरकतात. रेणूतही तसंच होतं. लहान बेसिसचा अणू शेजाऱ्याची मोठी, सैल फंक्शनं वापरून स्वतःच्या इलेक्ट्रॉनांचा आकार सुधारून घेतो. गणिताला त्यात काही गैर दिसत नाही. त्याला ऊर्जा कमी करायची असते. पण सुटा फ्लोराइड आणि सुटा यूरिया वेगळे मोजताना ही उसनवारी नसते, एकत्र आल्यावर असते. म्हणून बंध आहे त्यापेक्षा घट्ट दिसतो. बॉइस आणि बर्नार्डी यांनी १९७० मध्ये यावर उपाय दिला: सुटा तुकडा मोजतानाही दुसऱ्या तुकड्याच्या जागी केंद्रक आणि इलेक्ट्रॉन नसलेले, नुसती फंक्शनं असलेले घोस्ट अणू ठेवायचे. म्हणजे उसनवारी दोन्हीकडे सारखी होते. फ्लोराइडसारख्या बांधणीत ही दुरुस्ती कराच, बेसिस मिसळलेला असो वा नसो.

मात्र एकाच रेणूच्या आतली उसनवारी घोस्ट अणूंनी सहज पकडता येत नाही. म्हणून लहान-मोठ्या बेसिसमधली सीमा कुठे पडते याला महत्त्व आहे. आपण ज्या बंधाबद्दल विचारतोय त्याच्या मधोमध ती कधीच पडू देऊ नका. वरच्या उदाहरणात ती नायट्रोजन आणि कड्याच्या मधल्या बंधावर पडते. नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन कड्यात थोडे झिरपत असल्याने ही जागाही पूर्ण निर्धोक नाही. तिथे मी स्वतः कड्याच्या पहिल्या कार्बनलाही मोठा बेसिस देतो, किंवा निदान मधला सीसी-पीव्हीटीझेड. आणि मलिकेन पद्धतीने काढलेले अणूंवरचे भार अशा गणितातून घेऊ नका. ती पद्धत इलेक्ट्रॉन कुणाच्या फंक्शनात आहे ते पाहते, तो प्रत्यक्षात कुणाजवळ आहे ते पाहत नाही. शेजाऱ्याच्या आळ्यातून ओढलेलं पाणी ती शेजाऱ्याच्याच खात्यावर मांडते.

सीमा सुरक्षित आहे का हे कळायला एक स्वस्त चाचणी आहे. कडी काढून टाका, तिथे मिथाइल लावा, आणि त्या छोट्या रेणूवर दोन गणितं करा: एकदा सगळ्यांना मोठा बेसिस, एकदा मिसळलेला. फ्लोराइड धरण्याची ऊर्जा दोन्हीकडे जवळपास सारखी आली तर मोठ्या रेणूवर पुढे जा. ही चाचणी दुपारभरात होते, तरी प्रबंधांत ती क्वचितच दिसते, याचं मला वाईट वाटतं.

आणि गरज नसेल तर मिसळूच नका. सिसप्लॅटिनसारखा ११ अणूंचा रेणू असेल तर सगळ्यांना डेफ२-टीझेडव्हीपी द्या. तो प्लॅटिनमलाही आहे, ईसीपीसकट, आणि डीच्याही पुढच्या एफ फंक्शनांसकट, जी लॅनएल२डीझेडमध्ये नाहीत. उलट सगळ्या रेणूलाच लॅनएल२डीझेड लावलेले शोधनिबंध मी बरेच पाहतो. धातूसाठी केलेली सोय कार्बन-नायट्रोजनला लावली की त्यांना डी फंक्शनं मिळतच नाहीत, आणि हलक्या अणूंचे बंध आणि कोन बिघडतात. त्या विद्यार्थिनीला सुचलेला पहिला उपाय हाच होता, म्हणून मी इतक्या घाईने "सगळ्याला कशाला" म्हणालो.

तिच्या मार्गदर्शकांना ६-३१जी* आणि लॅनएल२डीझेड हीच जोडी हवी होती, कारण गटातली आधीची गणितं त्यात झालेली. ते कारण योग्य आहे. तुलना व्हायची तर सगळीकडे तेच हवं. रात्री तिचा मेसेज आला: "३६ आणि ३६, सर." मी तिला लगेच लिहिलं की आता प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात चार गोष्टी आजच टिपून ठेव: कोणत्या अणूला कोणता बेसिस, ईसीपी कोणतं, त्यात किती इलेक्ट्रॉन गेले, आणि डी फंक्शनं पाच की सहा.